मराठीसाठी सहा दाबा

मला हिंदी येत नाही, असं मी एका मोटारसायकल कंपनीला सांगितलं.

माझा जन्म झाशीचा. शाळा झाशीत, नोकरी झाशीत, लग्नही झाशीतच. तेहतीस वर्षं एका सरकारी कचेरीत मी हिंदीत टिपणं लिहितोय. माझी हिंदी इतकी सरकारी झाली आहे की मी भाजीवाल्यालाही ‘कृपया भाव से अवगत कराएँ’ असं म्हणतो, असं बायको चारचौघांत सांगते. तरीही मी तसं सांगितलं. एकदा सांगून थांबलो असतो तर चूक म्हणून खपलं असतं. मी चार महिने तेच सांगत राहिलो, आणि ते चारही महिने माझी बायको रोज सकाळी, पुढचा ब्रेक खराब असलेल्या गाडीवर, माझ्या मागे बसून शाळेत जात होती.

बायको शिक्षिका आहे. तिसरीचा वर्ग. शाळा सीपरी बाजारच्या पलीकडे, घर खंडेराव गेटच्या अलीकडे, आणि मध्ये रेल्वेवरचा पूल. जुनी स्कूटर त्या पुलावर चढताना दम्याच्या रुग्णासारखी बसायला जागा शोधायची, म्हणून मोटारसायकल घेतली. नवी कोरी, काळी, पुढे डिस्क ब्रेक. विकणारा म्हणाला होता, “भाईसाहब, ऐसे रुकेगी जैसे दीवार आ गई हो.” त्याच्या बोलण्यावर माझा विश्वास बसला. शेवटी कशावर आदळायचं तेवढं त्यानं सांगितलं नव्हतं.

तिसऱ्या महिन्यात ब्रेकनं चाळे सुरू केले. लिव्हर दाबावी तर ती लोण्यात सुरी जावी तशी पार मुठीला येऊन टेकायची, आणि गाडी आपली चालतच राहायची. सोडून पुन्हा दाबली की मात्र घट्ट धरायची. रोज व्हायचं असंही नाही. आठवड्यातून एकदा, दोनदा. कोपऱ्यावरच्या मिस्त्रीकडे नेली तर तिथं शहाण्यासारखी वागली. शिक्षणाधिकारी आल्यावर तिसरीची पोरं हाताची घडी घालून बसतात ना, तशी. मिस्त्रीनं दहा वेळा लिव्हर दाबली, दहाही वेळा तिनं धरलं. “बाबूजी, गाड़ी एकदम ठीक है,” तो म्हणाला आणि त्यानं माझ्याकडे असं बघितलं, की गाडी ठीक आहे, बाकीचं तुमचं तुम्ही बघा.

मग मी गाडीबरोबर आलेल्या पुस्तकाच्या शेवटच्या पानावरचा नंबर लावला. दुपारची जेवणाची सुट्टी होती. मी डबा घेऊन जुन्या फायलींच्या खोलीत बसलो होतो, कारण तिथं कुणी येत नाही. यंत्रातली बाई बोलू लागली. इंग्रजीसाठी एक, हिंदीसाठी दोन, मग बंगाली, तमिळ, गुजराती असा सगळा भारत फिरून ती म्हणाली, “मराठीसाठी सहा दाबा.”

माझा अंगठा दोनवर ठेवलेला होता. तो तिथून उठला आणि सहावर गेला. ह्यात माझा काही हात नव्हता, फक्त अंगठा होता.

*

इथं थोडं मागं जायला हवं.

आई जाऊन तेव्हा दीड वर्ष झालं होतं. आमचं घराणं देवळाच्या कामासाठी पेशवाईत कधीतरी इकडे आलं आणि परत जायचं राहून गेलं. शहरात आमच्यासारखी काही घरं आहेत. पण मराठी आता त्यांतही देवघरातल्या चांदीच्या भांड्यांसारखी झाली आहे. गणपतीत बाहेर काढायची, पुसायची, आरती झाली की पुन्हा कपाटात. मुलगी नोएडाला नोकरी करते. तिला मराठी सगळी कळते, पण उत्तर येतं ते हिंदीत. बायको इथलीच, बुंदेली बोलणारी. माझ्या आयुष्यात रोज, दिवसभर, विनाकारण मराठी बोलणारं माणूस एकच होतं, आणि ते गेलं.

माणूस गेल्यावर त्याची वस्तू पाहून रडू येतं असं म्हणतात. मला वस्तूंचं काही वाटलं नाही. वस्तू तशाच होत्या, फक्त त्यांना कुणी हाक मारेनासं झालं. आमटी वाढायचं ओगराळं तेच, पण आता त्याला करछी म्हणायचे. फडताळाची अलमारी झाली. मी संध्याकाळी घरी आलो की आई आतून विचारायची, “आलास का रे? हातपाय धू आधी.” सत्तावन्न वर्षांच्या लिपिकाला हातपाय धुवायची आठवण करून द्यायची गरज नसते. पण तसं कुणी म्हणालं नाही, तर तो तसाच खुर्चीत बसून राहतो, हे मला आई गेल्यावर कळलं.

दर शुक्रवारी मी तिला स्कूटरवरून लक्ष्मी तालाच्या, म्हणजे तळ्याकाठच्या, महालक्ष्मीला न्यायचो. ती एका बाजूला पाय सोडून बसायची, एका हातात फुलांची पिशवी, दुसऱ्या हातानं माझा खांदा धरलेला. आणि सबंध रस्ता माझ्या कानात बोलायची. “हळू हाक रे. म्हैस आहे पुढं. म्हशीला हॉर्न कळतो होय? हळू हाक.” स्कूटर काय नि बैलगाडी काय, ती हाकायचीच असते, असं तिचं मत होतं. आता मी शुक्रवारी एकटाच जातो. तालापाशी म्हशी अजून असतात. मी हळू हाकतो. पण न सांगता हळू हाकण्यात काही मजा नाही.

कुणी म्हणेल, मराठीची एवढी ओढ होती तर महाराष्ट्रात जाऊन यायचं. गेलो होतो की. दुकानात शिरून अस्सल मराठीत पंचा मागितला. दुकानदारानं माझे उच्चार ऐकले, कौतुकानं मान डोलावली आणि म्हणाला, “भैया, कौनसा साइज दूँ?” दुसऱ्या दुकानात तेच. तिसऱ्यात मी मुकाट्यानं हिंदीतच मागितला, तर त्यानं मराठीत उत्तर दिलं, कारण त्याला हिंदी येत नव्हती. असा माझा योग.

तर अशा माणसाच्या अंगठ्याला कंपनीनं सहाचा आकडा दाखवला.

*

“नमस्कार सर, काय मदत करू?”

मुलीचा आवाज. तेवीस-चोवीस वर्षांची असेल. शब्दाचा शेवट थोडा ओढणारी. नंतर कळलं, बार्शीकडची होती.

मी ब्रेकचं सांगितलं. तिनं मध्ये न तोडता ऐकलं, मग एकेक विचारलं. लिव्हर मुठीला टेकते का, दुसऱ्यांदा दाबल्यावर धरते का, गाडी उभी राहिल्यानंतर होतं की चालताना. मी म्हटलं, “बाई, तिला वेळकाळ नाही. लहर आली की होतं.”

“सर, मग गाडी चालवू नका. आणि मागं तर कुणाला बसवूच नका. गाव कुठलं?”

“झाशी.”

“राणीची झाशी?”

“तीच. राणी आता नाही, मी आहे.”

ती हसली. खरं सांगतो, दीड वर्षात माझ्या मराठीतल्या विनोदाला कुणी हसलं नव्हतं. त्या हसण्यानं माझं वाटोळं केलं.

“सर, माझ्या यादीत फक्त महाराष्ट्रातली सर्व्हिस सेंटरं येतात,” ती म्हणाली. “उत्तर प्रदेशची तक्रार हिंदीवाल्यांकडून जाते. मी तुम्हाला तिकडं जोडून देते, ते लगेच तुमच्या गावात कळवतील. दोन मिनिटं थांबा.”

दोन मिनिटांत ती जाणार होती, आणि तिच्या जागी कुणीतरी ‘जी बताइए’ म्हणणारा येणार होता. ‘जी बताइए’ मी दिवसातून शंभर वेळा ऐकतो.

“नका जोडू,” मी म्हणालो. “मला हिंदी येत नाही.”

“झाशीत राहून सर?”

“घराबाहेर फारसा जात नाही मी.”

हे बोलताना माझ्यासमोर माझ्याच हस्ताक्षरातल्या हिंदी टिपणांचे गठ्ठे छतापर्यंत रचलेले होते.

ती गहिवरली बिचारी. म्हणाली, “काळजी करू नका. तक्रार मी माझ्याकडंच ठेवते. तिकडं मेल करून बघते, काही होतंय का ते. आमच्यात नियम आहे, तक्रार ज्यानं घेतली त्यानंच शेवटपर्यंत बघायची. मी फोन करत जाईन.”

ती शब्दाला जागली. दर दहा-बारा दिवसांनी जेवणाच्या सुट्टीत तिचा फोन यायचा. पहिलं मिनिट ब्रेकचं असायचं. ती सांगायची, तिकडून उत्तर आलंय की हिंदी विभागातूनच तक्रार पाठवा. विचारायची, “आता तरी जोडून देऊ का? मी मध्ये थांबून समजावून सांगते हवं तर.” मी म्हणायचो, “नको, राहू द्या.” ती विचारायची, “गाडी बंद ठेवलीय ना?” मी म्हणायचो, “हो तर.” इथवर तक्रार. पुढची सहा-सात मिनिटं माझी.

दुसऱ्याच फोनला ‘सर’चं ‘काका’ झालं. तिला माझे शब्द फार आवडायचे. मी ओगराळं म्हटलं तेव्हा तिनं ते लिहून घेतलं, आपल्या आईला विचारलं आणि पुढच्या वेळी विजयानं सांगितलं, “आईला माहितीय!” मी गाडी हाकतो म्हटल्यावर म्हणाली, “आमच्या गावातली म्हातारी माणसं अशी बोलतात, काका. इथं शहरात कुणी नाही. तुमचा फोन झाला की मला गावाकडं जाऊन आल्यासारखं वाटतं.” म्हणजे पाचशे कोसांवर बसलेल्या त्या मुलीला माझ्यात तिचं गाव दिसत होतं आणि मला तिच्यात माझं घर. मध्ये बिचारा ब्रेक होता, त्याच्याकडे दोघांचंही लक्ष नव्हतं. नाही, हे खोटं. तिचं होतं.

इकडे बायको चार दिवसांआड विचारायची, “काए, बिरेक ठीक भओ कि नईं?” मी सांगायचो, “कंपनी से बात चल रही है.” ह्यात एक अक्षर खोटं नव्हतं. दोनदा लिव्हर दाबायची मी हाताला सवय लावून घेतली होती आणि मागच्या ब्रेकवर भागवत होतो. गाडी हिसके द्यायची. मागून बायकोचं कपाळ माझ्या पाठीवर आपटायचं. ती म्हणायची, “बैल हो का तुम?” मी हसायचो.

शेवटी शेवटी एका शब्दानं मला पछाडलं. आई तांदूळ धुवायची ते वेताचं, बारीक विणीचं भांडं. पाणी खाली जातं, तांदूळ वर राहतात. त्याला ती काय म्हणायची, तेच आठवेना. वस्तू डोळ्यांसमोर, तांदळाचा वास नाकात, आईचे ओले हात दिसताहेत, आणि शब्द नाही. फोनवरच्या मुलीला विचारलं. ती म्हणाली, “टोपली?” नाही. “चाळण?” नाही गं. तिनं आईला विचारायचं कबूल केलं. तीन आठवडे मी तो शब्द शोधत हिंडलो. कचेरीत फायलीवर शेरा मारताना थांबायचो. साहेबांना वाटायचं, मी विचार करतोय.

*

फेब्रुवारीतली सकाळ. सीपरीचा पूल चढलो, उतरायला लागलो. बायको मागे, मांडीवर वह्यांचा गठ्ठा. पुढे एक ई-रिक्शा. आणि पुलाच्या उतारावर, काहीही कारण नसताना, तो शब्द आपणहून आला.

“रोवळी!” मी ओरडलो.

आनंदानं ओरडलो. दुपारी फोन येणार होता, आता तिला सांगता येणार होतं. त्याच क्षणी रिक्शावाल्यानं सवारी बघितली आणि जागच्या जागी थांबला. मी लिव्हर दाबली. ती मुठीला टेकली. दुसऱ्यांदा दाबायला वेळ लागतो. फार नाही, रोवळी म्हणायला लागतो तेवढाच.

आम्ही रिक्शाच्या मागच्या पत्र्यावर आदळलो. मी गाडीखाली, गुडघा सोलला, बाकी शाबूत. बायको बाजूला पडली, उजव्या हातावर. तिसरीच्या वह्या पुलाच्या उतारावरून सुट्ट्या होऊन सीपरी बाजाराकडे निघाल्या. लोक जमले, कुणी वह्या वेचत होतं, कुणी मला शिव्या देत होतं. बायको रस्त्यात बसून मनगट धरून होती. रडत नव्हती. ती नुसती माझ्याकडे बघत होती, एखादं न सुटलेलं गणित बघावं तसं.

मनगटाचं हाड मोडलं होतं. सहा आठवडे प्लास्टर. तिसरीच्या परीक्षा तोंडावर. फळ्यावर लिहायचं कसं, हे ती डॉक्टरला विचारत होती. डॉक्टर म्हणाले, डाव्या हातानं. त्या दुपारी जेवणाच्या सुट्टीत फोन आला. मी उचलला नाही.

तिसऱ्या दिवशी टेम्पोत घालून गाडी कंपनीच्या झाशीतल्या दुकानात नेली. बायको म्हणाली, मी पण येणार. तिला त्या लोकांची तोंडं बघायची होती. मी तिथं जाऊन जो आवाज चढवला, तो माझ्या तेहतीस वर्षांच्या नोकरीत कुणी ऐकला नसेल. “चार महीने से शिकायत कर रहा हूँ! आपकी कंपनी को जान की कोई क़ीमत है कि नहीं? मेरी पत्नी का हाथ टूटा है!” मी फर्मास, धारदार, कागदी हिंदीत बोलत होतो. सर्व्हिसला आलेले लोक उठून बघू लागले. एक दूधवाला म्हणाला, “सही कै रए बाबूजी.” मला अजून चेव आला.

मॅनेजर तरुण आणि शांत होता. त्यानं गाडीचा नंबर घातला. “भाईसाहब, झाँसी में तो आपके नाम पर कोई शिकायत ही नहीं है.” मी टेबलावर हात आपटला. त्यानं पुन्हा शोधलं. मग त्याच्या भुवया वर गेल्या. “अच्छा, है. महाराष्ट्र में दर्ज है.” आणि तिथल्या इंग्रजी नोंदी तो हिंदी करून वाचायला लागला. मोठ्यानं. त्याला वाटलं असेल, मला मदत करतोय.

“ग्राहक को गाड़ी न चलाने की सलाह दी गई. पीछे किसी को न बिठाने की सलाह दी गई. हिंदी विभाग से जोड़ने को कहा, ग्राहक ने मना किया. दोबारा कहा, मना किया. फिर कहा, मना किया…” त्यानं पान खाली सरकवलं. “ग्यारह बार है, भाईसाहब. और कारण लिखा है…” तो थांबला. माझ्याकडे बघितलं. पुन्हा पडद्याकडे बघितलं. “लिखा है, ग्राहक को हिंदी नहीं आती.”

दूधवाला आधी हसला. मग सगळं दुकान.

बायको हसली नाही.

ब्रेक चाळीस मिनिटांत बदलून झाला. मॅनेजरनं सांगितलं, लिव्हरखालच्या तेलाच्या नळकांड्यातलं रबर काही गाड्यांमध्ये कच्चं निघालं होतं. कंपनीला ठाऊक होतं. सर्व्हिस सेंटरांना तसं पत्रही आलं होतं, की ग्राहकानं तक्रार केली तर विनामूल्य बदलून द्यावं. तक्रार केली तर. “हमाओ तो दो दिना में बदल गओ तो,” दूधवाला म्हणाला. मी विचारलं, ज्यांनी तक्रार केली नाही त्यांचं काय? मॅनेजर म्हणाला, “जो बोलेगा उसका बदलेंगे, सर. जो नहीं बोलेगा उसका हमें कैसे पता चलेगा?” हे कंपनीचं वागणं वाईटच, आणि तसं मी नंतर त्यांना लिहिलंही, की सगळ्या मालकांना आपणहून बोलवा. पण त्या दिवशी रागवायला माझ्याकडे तोंड राहिलं नव्हतं. पत्रातलं त्यांचं म्हणणं एवढंच होतं की बोला. आणि मी ह्या शहरातला सर्वांत बोलका ग्राहक होतो.

घरी आम्ही ऑटोनं आलो. ऑटोवाला म्हशीला हॉर्न मारत होता.

*

इथं आणखी एक गोष्ट सांगायला हवी. ती मी आजवर विनोद म्हणून सांगत आलोय.

लग्नाच्या पहिल्या वर्षी संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. बायकोनं माझ्या आईकडून शिकून चारचौघींत एक लांबलचक मराठी वाक्य म्हटलं, बुंदेली चालीवर. मी पुरुषांच्या बैठकीत जाऊन त्याची हुबेहूब नक्कल केली. बैठक इतकी हसली की बायकांकडे आवाज गेला. मी त्या दिवशी फारच मजेदार माणूस ठरलो. त्यानंतर बायको माझ्याशी कधी मराठीत बोलली नाही, आणि सव्वीस वर्षांत मला त्याचं काही वाटलं नाही. तिला येत नाही, असंच मी धरून चाललो होतो.

दुकानातून आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी रविवार होता. फोन आला. मी आणि बायको स्वयंपाकघरात. मी कणीक मळत होतो, म्हणजे नासत होतो. हात पिठाचे, म्हणून फोन ओट्यावर ठेवून आवाज मोठा केला.

“काका! दोनदा फोन केला, तुम्ही उचलला नाही. बरे आहात ना? आणि ऐका, आईला सापडला शब्द. रोवळी! बरोबर?”

मी म्हटलं, “बरोबर.” आणि मग सगळं सांगितलं. पूल, रिक्शा, मनगट. गाडी बंद ठेवली नव्हती तेही. हिंदी येते तेही. सांगता सांगता कणकेत पाणी जास्त झालं.

ती म्हणाली, “काका, तुमची तक्रार इतके दिवस उघडी का, म्हणून साहेब मला सगळ्यांसमोर बोलले. मी भांडले त्यांच्याशी. म्हटलं, त्या माणसाला भाषा येत नाही, तो एकटा पडलाय, मी सोडणार नाही.” मग नाक ओढून तिनं विचारलं, “काकूंना किती लागलंय?”

मी कणकेत आणखी पीठ घातलं. ती एकटा म्हणाली ते तेवढं खरं होतं, पण ते सांगायची ही वेळ नव्हती. बायकोनं डाव्या हातानं फोन आपल्याकडे ओढला.

“लागलंय गं,” बायको म्हणाली. “पण तू रडू नकोस. तुझी काय चूक? तू तर पहिल्याच दिवशी सांगितलंस, मागं कुणाला बसवू नका म्हणून.”

मी कणकेतून हात काढला. चाल बुंदेली होती. शब्द आईचे होते, आणि ‘गं’ तर हुबेहूब आईचा, जरा लांबवलेला, लाडाचा. जवळजवळ दोन वर्षांनी तो आवाज त्या स्वयंपाकघरात फिरत होता आणि मी पिठाचे हात हवेत धरून उभा होतो.

“काकू, तुम्हाला मराठी येते?” मुलगी थक्क.

“शाळेतून आले की सासूबाईंशी दुपारभर तेच बोलायचे. हे कचेरीत असायचे ना. ह्यांच्यासमोर एकदाच बोलले होते, तेव्हा हसले हे. मग म्हटलं, जाऊ दे.” ती माझ्याकडे न बघता बोलत होती. “आणि ती रोवळी गं, ती कुठं हरवली नाही. ही काय, मांडणीवर आहे. रोज तांदूळ त्यातच धुते मी. पडताना माणूस देवाचं नाव घेतो. हे रोवळी म्हणाले. मला वाटलं, डोक्याला मार लागला.”

मुलगी हसली. रडता रडता हसावं तसं. मी मांडणीकडे बघितलं. वरच्या फळीवर, डब्यांच्या शेजारी, ओलसर, सकाळचे दोन तांदूळ चिकटलेली रोवळी होती.

मग त्या दोघी बोलत राहिल्या. हात कसा ठेवायचा, झोपताना उशी कुठं घ्यायची, बार्शीची ज्वारी, तिच्या आईचे गुडघे. मला मध्ये शिरायला जागाच मिळेना. माझी सहा-सात मिनिटं कधीच उलटून गेली होती. शेवटी मुलगी आपल्या कामाच्या आवाजात म्हणाली, “काकू, तक्रार बंद करावी लागेल आता. ब्रेक बदलून मिळाला, तुमचं समाधान झालं, असं लिहू का?”

मला वाटलं, थांब म्हणावं. बंद झाली की तिचा फोन येणार नव्हता. मी तोंड उघडलंसुद्धा. बायकोनं प्लास्टरचा हात वर करून मला गप्प केलं, माझ्याकडे पायापासून डोक्यापर्यंत एकदा नीट बघितलं आणि फोनमध्ये म्हणाली,

“ब्रेक मिळाला गं, बाई. आता हाकणारा बदलून मिळतो का, तेवढं तुझ्या साहेबांना विचार.”